बिलावरचा पत्ता कुणाचा?

वेब ॲप्लिकेशनचा कोड वाचताना बिल.ग्राहक.पत्ता.शहर अशी टिंबांनी जोडलेली साखळी दिसली, की बहुतेक अनुभवी प्रोग्रामरच्या कपाळाला आठी पडते. बिलाकडे ग्राहक मागायचा, ग्राहकाकडे पत्ता, पत्त्याकडे शहर. आणि हे सगळे कुठे, तर छपाईच्या टेम्प्लेटमध्ये, ज्याला कागदावर एक शब्द उमटवण्यापलीकडे कशाशीही देणेघेणे असायला नको. रूबी ऑन रेल्स या, रूबी भाषेत वेब ॲप्लिकेशन बांधण्याच्या साधनसंचात यावर एका ओळीचा उतारा आहे. बिलाच्या क्लासमध्ये, म्हणजे बिल कसे असते आणि काय करते याच्या व्याख्येत, ‘डेलिगेट’ (सोपव) लिहायचे, पुढे मेथडचे, म्हणजे विचारायच्या कामाचे, नाव द्यायचे आणि ‘टू’ म्हणून ती कुणाकडे सोपवायची ते सांगायचे. तशीच एक ओळ ग्राहकाच्या क्लासमध्येही टाकली, की टेम्प्लेटचे काम बिल.शहर एवढ्यावर भागते. अशी ओळ लिहिणे इतके सोपे आहे, की सहकारी कोड तपासतात त्या रिव्ह्यूमध्ये तिच्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. माझ्या मते मात्र तिथेच थोडे रेंगाळायला हवे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हक्क कोणत्या ऑब्जेक्टचा (बिल, ग्राहक, पत्ता यांपैकी कुणाचा), हे त्या ओळीत ठरून जाते, आणि आपण असे काही ठरवले आहे याचा लिहिणाऱ्याला बहुधा पत्ताही नसतो.

आधी यंत्रणा पाहू, कारण तिच्याभोवती उगाच गूढ निर्माण झाले आहे. युकिहिरो मात्सुमोतो यांनी 1995 साली लोकांसमोर आणलेली रूबी ही भाषा क्लास बांधला जात असतानाच त्यात नव्या मेथड घालण्याची मुभा देते. 2004 साली आलेल्या रेल्सने या मुभेचा मनसोक्त वापर केला. क्लास लोड होताना ‘डेलिगेट’ची ओळ चालते, तेव्हा रेल्स एका साध्या मेथडचा मजकूर अक्षरशः स्ट्रिंग म्हणून तयार करते आणि त्या क्लासमध्ये तो मजकूर चालवते. तयार होणारी मेथड आपण हाताने लिहिली असती तशीच असते: ग्राहक घ्या, त्याला शहर विचारा, आलेले उत्तर परत द्या, आणि सोबत काही आर्ग्युमेंट (मेथडला पुरवलेली माहिती) आली असतील तर तीही पुढे पाठवा. मेथड तयार करताना मूळ फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही दिलेला असतो, त्यामुळे काही बिघडले तर एररचा माग थेट आपल्या ‘डेलिगेट’च्या ओळीपर्यंत येतो. दिलेल्या सोयीही मोजक्याच आहेत. ‘प्रिफिक्स’ दिले, की बिल.नाव असे संदिग्ध नाव न होता बिल.ग्राहक_नाव असे स्पष्ट नाव मिळते, आणि बिलाच्या बाबतीत ते जवळजवळ नेहमी द्यावे, कारण बिलाला स्वतःचे नाव नसले तरी क्रमांक, तारीख आणि शेरा असतोच. ‘अलाऊ निल’बद्दल (निल म्हणजे ‘काहीच नाही’) पुढे बोलू. रेल्स 6.0 पासून ‘प्रायव्हेट’ही आले आहे, म्हणजे सोपवलेली मेथड क्लासच्या आतल्या वापरापुरतीच ठेवता येते. ही शेवटची सोय फारशी वापरात दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

टिंबांच्या साखळीबद्दलच्या नापसंतीला चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात ‘डीमीटर’ नावाचा प्रकल्प चालू होता. डीमीटर ही ग्रीकांची शेतीची देवता. सॉफ्टवेअर एकदम न बांधता पिकासारखे थोडेथोडे वाढवावे, अशी त्यामागची कल्पना. त्या प्रकल्पात 1987 साली इयन हॉलंड यांनी एक नियम मांडला, आणि पुढच्याच वर्षी कार्ल लीबरहेर आणि सहकाऱ्यांच्या निबंधातून तो सर्वदूर पोहोचला. मेथडने आपल्या स्वतःच्या ऑब्जेक्टशी, त्याच्या थेट भागांशी, आर्ग्युमेंट म्हणून आलेल्यांशी आणि आपण तिथेच निर्माण केलेल्यांशीच बोलावे. दुसऱ्याने हातात दिलेल्या परक्या ऑब्जेक्टच्या पोटात शिरू नये. टेम्प्लेटने बिलाशी बोलावे, बिलाने ग्राहकाशी, आणि ग्राहकाच्या घरात पत्ता कुठल्या खणात ठेवला आहे हे टेम्प्लेटला ठाऊक नसावे.

नियम चांगला आहे, पण तो मोजायला सोपा असल्यामुळे त्याची दशा झाली. लोक टिंबे मोजू लागले. एका ओळीत दोन टिंबे दिसली, की रिव्ह्यू करणारा ‘डेलिगेट कर’ असे लिहितो, लिहिणारा डेलिगेट करतो, टिंब जाते आणि दोघेही समाधान पावतात. पण बिलाचे शहर शेवटी ग्राहकाच्या पत्त्याच्या टेबलमधूनच येत राहते. अवलंबन तेवढेच आहे; त्याची जागा फक्त बदलली आहे, ते टेम्प्लेटमधून उचलून बिलाच्या क्लासमध्ये आणले आहे. ही हलवाहलव निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही, कारण चाळीस ठिकाणी विखुरलेली गोष्ट एका जागी येणे हा मोठाच लाभ आहे. मात्र हा लाभ ज्या दिवशी त्या एका जागी काही बदलायची वेळ येते त्या दिवशी मिळतो, आणि तो दिवस ओळखता आला नाही तर सोपवलेल्या मेथडींची ती यादी बिलाच्या क्लासच्या माथ्यावर नुसती वाढत जाते.

तो दिवस कसा असतो ते एका नेहमीच्या उदाहरणात पाहू. पुण्यातली एखादी लहान कंपनी इतर व्यावसायिकांना सॉफ्टवेअरच्या देखभालीची सेवा देते आणि तिची बिले तिच्याच वेब ॲप्लिकेशनमधून निघतात. बिलाच्या टेबलमध्ये ग्राहकाचा आयडी, तारीख, क्रमांक आणि रकमा आहेत. नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि राज्य ग्राहकाच्या टेबलमध्ये आहे, आणि या चारही गोष्टी बिल ग्राहकाकडे सोपवते. डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे हे अगदी शहाणपणाचे आहे. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवू नये, हा धडा आपल्या सगळ्यांकडून घोटून घेतलेला असतो. महिनोन्महिने सर्व सुरळीत चालते, टेम्प्लेट स्वच्छ असतो, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास असतात.

मग कोल्हापूरचा एखादा ग्राहक आपला व्यवसाय पणजीला हलवतो. जीएसटीची नोंदणी राज्यानुसार असते, त्यामुळे त्याला नवा क्रमांक मिळतो. या पंधरा अक्षरी क्रमांकाची पहिली दोन अक्षरे म्हणजे राज्याचा संकेतांक, पुढची दहा म्हणजे पॅन. महाराष्ट्राचा 27 जाऊन गोव्याचा 30 येतो. कुणीतरी ग्राहकाच्या फॉर्ममध्ये नवा पत्ता आणि नवा क्रमांक भरून ‘सेव्ह’ दाबते, आणि हे करणे योग्यच असते. त्या क्षणी मागच्या सगळ्या बिलांवरचा पत्ता बदलतो. गेल्या वर्षी कोल्हापूरला पाठवलेले बिल आज पुन्हा डाउनलोड केले, तर ते पणजीचे होऊन येते. एवढ्यावरच भागत नाही. विक्रेता महाराष्ट्रातला आणि नोंदणीकृत ग्राहकही महाराष्ट्रातला, तर अठरा टक्के कर केंद्राचे नऊ आणि राज्याचे नऊ असा विभागून दाखवायचा असतो. ग्राहक दुसऱ्या राज्यातला असला, तर साधारणपणे आयजीएसटी म्हणून सगळे अठरा एकत्र. टेम्प्लेट ही विभागणी बिल.राज्य विचारून छपाईच्या वेळी करत असेल, तर जुन्या बिलावरचे दोन रकाने गुपचूप एक होतात. एकूण रक्कम तीच राहते, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. विवरणपत्रात एक भरलेले आणि हातातल्या कागदावर दुसरेच, हे सीएच्या लक्षात येते तेव्हा वर्ष सरत आलेले असते.

इथे कोडमध्ये बग कुठे आहे, हे दाखवणे अवघड आहे. बिलाला राज्य विचारले, बिलाने ते ग्राहकाला विचारले, ग्राहकाने आपले खरे राज्य सांगितले. प्रत्येक ऑब्जेक्टने आपले काम चोख केले. चुकला तो प्रश्न. टेम्प्लेटला ‘बिल दिले त्या दिवशीचे राज्य’ हवे होते आणि ‘डेलिगेट’च्या ओळीने त्याचे रूपांतर ‘ग्राहकाचे आजचे राज्य’ असे केले. दोन्ही प्रश्नांची उत्तरे बिल देण्याच्या दिवशी सारखीच असतात, म्हणून टेस्टमध्ये फरक कळत नाही. टेस्टमधला ग्राहक कधी गावच सोडत नाही. कायद्याची बाजू मात्र निःसंदिग्ध आहे. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियमांतला 46 वा नियम कर-बिलावर काय काय असावे ते सांगतो, त्यात घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक येतात, आणि हे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवायचे असतात. म्हणजे पत्ता हा बिलावर लिहिलेला मजकूर आहे. ग्राहकाकडे तो होता, बिल फाडले त्या क्षणी त्याची एक प्रत बिलाच्या मालकीची झाली.

याच प्रसंगात डेलिगेशनचा खरा उपयोगही दिसतो. समजा, टेम्प्लेट, ईमेल, एक्सेल एक्स्पोर्ट आणि वसुलीची यादी या सगळ्यांनी बिल.ग्राहक.राज्य अशी साखळी लिहिली असती, तर प्रत्येक ठिकाण शोधून बदलावे लागले असते, आणि एखादे हमखास राहिले असते. सगळे बिल.राज्य विचारत असतील, तर बदल एकाच ठिकाणी होतो. बिलाच्या टेबलमध्ये चार नवे कॉलम घालायचे, बिल जारी होताना त्यांत ग्राहकाची माहिती उतरवायची, आणि ‘डेलिगेट’च्या ओळीच्या जागी एक हाताने लिहिलेली मेथड ठेवायची: बिल जारी झाले असेल तर स्वतःचे राज्य सांगा, कच्चे असेल तर ग्राहकाला विचारा. टेम्प्लेटला यातले काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. कच्च्या बिलाने मात्र ग्राहकाकडेच पाहिले पाहिजे, कारण बिल पक्के होण्याआधी पत्ता दुरुस्त केला तर ती दुरुस्ती त्यात यायलाच हवी. एकाच क्लासच्या ऑब्जेक्टने आयुष्याच्या एका टप्प्यावर दुसऱ्याच्या तोंडून बोलावे आणि पुढच्या टप्प्यावर स्वतःच्या, अशी ही रचना ‘डेलिगेट’च्या एका ओळीत बसत नाही, पण त्या ओळीने तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली असते.

जुन्या बिलांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला सुंदर उत्तर नाही. ग्राहकाच्या बदलांचा इतिहास ठेवला असेल तर त्यावरून, नाहीतर ईमेलला जोडून पाठवलेल्या पीडीएफवरून माहिती परत भरावी लागते. ते काम कंटाळवाणे असते एवढेच.

‘मग ग्राहकालाच त्या तारखेचा पत्ता विचारावा’, असे कुणी सुचवेल. सूचना वाजवी आहे, पण तिथे डेलिगेशनची एक मूलभूत मर्यादा आडवी येते. हेन्री लीबरमन यांनी 1986 साली डेलिगेशनवर जो निबंध लिहिला, त्यातली कल्पना रेल्समधल्यापेक्षा बरीच वेगळी होती. त्यांच्या मांडणीत काम दुसऱ्या ऑब्जेक्टकडे सोपवले, तरी ‘सेल्फ’ (कोडमधला ‘मी’) मूळ ऑब्जेक्टच राहत असे. ज्याच्याकडे काम गेले त्याला ते कुणाच्या वतीने आले आहे हे ठाऊक असे. डेव्हिड उंगार आणि रँडल स्मिथ यांच्या ‘सेल्फ’ या भाषेत ती कल्पना राबवली गेली, आणि तिथून ती जावास्क्रिप्टच्या प्रोटोटाइपपर्यंत पोहोचली. रेल्समधला ‘डेलिगेट’ केवळ निरोप पुढे ढकलतो. ग्राहकाची मेथड चालू असताना तिथला ‘सेल्फ’ म्हणजे ग्राहक. आपल्याला बिल क्रमांक अमुकने विचारले आहे, ते अमुक तारखेचे आहे, याची ग्राहकाला गंधवार्ताही नसते. त्यामुळे बिलाची तारीख ग्राहकापर्यंत पोहोचवायची तर ती आर्ग्युमेंट म्हणून द्यावी लागते, आणि ‘डेलिगेट’ आलेली आर्ग्युमेंट पुढे पाठवतो, स्वतःच्या पदरचे एकही घालत नाही. तारीख घालायची म्हटली, की चार ओळींची साधी मेथड लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. मला ही मर्यादा उपकारक वाटते. ‘डेलिगेट’ जिथे पुरत नाही, तिथे दोन ऑब्जेक्टच्या प्रश्नांत फरक आहे असे खुशाल समजावे.

आता ‘अलाऊ निल’. ग्राहकच नसेल, तर साधा ‘डेलिगेट’ एरर देतो, आणि ती एरर रेल्समधल्या सर्वांत सुबोध एररपैकी एक आहे: बिलाची अमुक मेथड ग्राहकाच्या अमुक मेथडकडे सोपवली होती, पण ग्राहक निल आहे, असे ती सरळ सांगते. ‘अलाऊ निल’ लावले, की हा आवाज बंद होतो आणि निल परत मिळते. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीत, रात्री एरर आली, की घाईघाईने हे दोन शब्द जोडून मोकळे होण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, रूबी 2.3 मध्ये ‘आणि’चे चिन्ह अन् टिंब मिळून (&.) निलवर गप्प राहणारा जो ऑपरेटर आला, त्याचाही असाच वापर होतो. परिणाम असा, की एररऐवजी बिलावर पत्त्याची जागा रिकामी छापली जाते आणि ते बिल ग्राहकाला जाते. ग्राहकाशिवाय बिल असू शकते का, हा धंद्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर निल गिळण्याचे काहीच कारण नाही. रेल्स 5 पासून नव्या प्रकल्पांत ‘बिलाँग्ज टू’चे (बिल अमुक ग्राहकाचे, असे सांगणारे) असोसिएशन सक्तीचे धरले जाते, त्यामुळे हा प्रश्न निदान बिल सेव्ह होताना तरी विचारला जातो. जिथे नसणे खरोखर शक्य आहे, उदाहरणार्थ ग्राहकाने दिलाच नसेल असा दुसरा फोन, तिथे ‘अलाऊ निल’ शोभते.

डेलिगेशनआड गोष्टी लपण्याचा दुसरा प्रकार डेटाबेसशी निगडित आहे. बिल.शहर हे बिलाच्या स्वतःच्या कॉलमसारखे दिसते, वाचणाऱ्यालाही ते तसेच वाटते, आणि तेच डेलिगेशनचे उद्दिष्ट होते. पण पन्नास बिलांची यादी दाखवताना प्रत्येक ओळीवर शहर छापले, तर बिलांची एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), ग्राहकांच्या पन्नास आणि पत्त्यांच्या पन्नास अशा एकशे एक क्वेरी होतात. ‘इन्क्लूड्स’ लिहून ग्राहक आणि पत्ते आधीच आणले, तर तीन क्वेरींत काम होते. टेम्प्लेटमध्ये टिंबांची साखळी असती, तर अनुभवी डोळ्याला ती खटकली असती. डेलिगेशनने ती खूणच पुसून टाकली. रेल्स 6.1 मधली ‘स्ट्रिक्ट लोडिंग’ची सोय इथे कामाला येते, कारण आधी न आणलेल्या असोसिएशनला हात लावताच ती एरर देते. शिवाय बिल.शहर हे फक्त रूबीला ठाऊक असते, डेटाबेसला नाही. ‘पणजीची सगळी बिले’ असे शोधायला गेले, की बिलाच्या टेबलमध्ये शहर नावाचा कॉलमच नसल्याचे कळते आणि टेबले जोडणारा जॉइन लिहावा लागतो. लिहिण्याच्या दिशेनेही तेच. शहर बदलणारी मेथड डेलिगेट केली आणि बिल सेव्ह केले, तरी आधीपासून असलेल्या ग्राहकातला बदल त्यासोबत सेव्ह होत नाही. त्यासाठी असोसिएशनवर ‘ऑटोसेव्ह’ सांगावे लागते. वाचण्याच्या मेथड सोपवाव्यात, लिहिण्याच्या सोपवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. बिलाच्या स्क्रीनवरून ग्राहकाचा मूळ पत्ता बदलू द्यायचा असेल, तर ते काम डोळ्यांदेखत, ग्राहकाचे नाव घेऊन व्हावे.

रेल्स 5.1 मध्ये आलेली ‘डेलिगेट मिसिंग टू’ ही ओळ तर याच्याही पुढे जाते: आपल्याकडे नसलेली कुठलीही मेथड आली, की सरसकट समोरच्याकडे पाठवायची. एखाद्या ऑब्जेक्टवर पातळ आवरण चढवून त्यात एकदोन गोष्टींची भर घालायची असेल, तर ती ठीक आहे. रूबीबरोबरच येणारा ‘सिंपल डेलिगेटर’ त्याच कामासाठी आहे. पण बिलाने ग्राहकाला असे कोरे मुखत्यारपत्र दिले, तर उद्या ग्राहकात ‘रद्द’ नावाची मेथड आली की बिल.रद्द हेही चालू लागेल, आणि ते ग्राहकालाच रद्द करेल. नावे लिहून दिलेली लांबलचक यादी मला बरी वाटते. तिच्यातले प्रत्येक नाव कुणीतरी विचार करून, निदान टाइप करून, घातलेले असते.

बिलाच्या क्लासकडे परत यायचे, तर शेवटी ती यादी दुभंगते. नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि राज्य बिलाकडे येतात. फोन आणि ईमेल ग्राहकाकडेच सोपवलेले राहतात, कारण थकबाकीची आठवण दोन वर्षांपूर्वीच्या नंबरवर करून काय उपयोग? ‘प्रिफिक्स’सह सोपवलेल्या या दोन मेथडींना कुणी हात लावू नये. वाद होतो तो उधारीच्या मुदतीवर. ती ग्राहकाच्या टेबलमध्ये असते, तीस दिवस किंवा पंचेचाळीस, आणि देय तारीख बिलाची तारीख अधिक ती मुदत अशी काढली जाते. ग्राहकाशी नवा करार होऊन मुदत तीसची साठ झाली, की डेलिगेट केलेल्या कोडमध्ये कालपर्यंत थकलेली बिले आज थकलेली राहत नाहीत आणि वसुलीची यादी एका रात्रीत आखूड होते. मला विचाराल तर मुदतही बिलावरच उतरवावी. पण विक्री विभागातली माणसे कधीकधी म्हणतात, की नवी सवलत जुन्या बिलांनाही द्यायचे आम्ही ग्राहकाला तोंडी कबूल केले आहे. आणि तसे असेल, तर ती ओळ आहे तशीच बरोबर आहे, फक्त तिच्या शेजारी कॉमेंटमध्ये तो करार लिहून ठेवायला हवा.